निळीचं नवं इंजिन

दसरा जवळ आला की नागपूरच्या उन्हाची तऱ्हा बदलते. मे महिन्यातलं ऊन निदान सरळ अंगावर येतं, त्यात लपवाछपवी नसते. ऑक्टोबरचं ऊन सकाळी गोड बोलतं, दुपारी डोक्यावर बसतं आणि संध्याकाळी निघून जाताना अंगणात थोडीशी थंडी विसरून जातं. या दिवसांत मला सीताफळांचा वास येतो आणि त्याच्या पाठोपाठ पेट्रोलचा. प्रताप नगरातल्या आमच्या घराच्या आसपास सीताफळाचं झाड नाही, पेट्रोलपंपही नाही, तरी येतो. या दोन वासांचं एकमेकांशी काय नातं, असं कोणी विचारलं तर फार लांबण लावावी लागेल म्हणून मी आजवर गप्प होते. यंदा मला बोलतं केलं ते माझ्या मुलाने.

निखिलकडे एक ठेंगणी, वेगवान गाडी आहे. चार दारांची, पण मनाने दोन दारांचीच. आता त्याच गाडीचा जास्त ताकदीच्या इंजिनाचा नवा अवतार बाजारात आला आहे, आणि जुनी देऊन ती घ्यावी की नाही या प्रश्नाने आमच्या घरात पंधरवडाभर मुक्काम ठोकला आहे. निखिल चपला घ्यायलाही महिना घालवणारा. चहाला तोच विषय, जेवायला तोच विषय. परवा मी कोथिंबीर निवडत होते, तेव्हा समोर येऊन बसला आणि म्हणाला, "आई, तू सांग. खरंच गरज आहे का? शहरात तसंही कुठे पळवता येते गाडी?"

मी म्हटलं, "पळवण्याचं मला विचारू नकोस. तुझ्या आजोबांनी गाडीचं इंजिन बदललं, ते पळवायला नव्हतं बदललं."

त्याने मान वर केली. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मलाही कळेना, मी ती इतकी वर्षं कुठे ठेवून दिली होती.

सत्तरच्या दशकातलं खापरखेडा. बाबा तिथल्या पॉवर हाउसात कंट्रोल रूममध्ये होते. आमच्या कॉलनीत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची बारीक भुकटी बसायची. आई कपडे घडी करण्याआधी प्रत्येक कपडा दोनदा झटकायची. तो झटकण्याचा आवाज म्हणजे आमची संध्याकाळ. एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी आपली निळी गाडी विकायला काढली. कोणाला वाटलं नव्हतं, ती बाबा घेतील.

ती गाडी, दारं चार असली तरी, दोन तरुण मित्रांनी पचमढीला जावं, अशा हिशेबाने बनवलेली. इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरच मांडी घातल्यासारखं वाटायचं. तिचं पुढचं तोंड चाकांच्या झाकणांसकट सगळंच्या सगळं पुढे उघडायचं, मगरीने जबडा वासावा तसं. कॉलनीतली पोरं तेवढं बघायला जमायची. मोठी माणसं मात्र हसली. कंट्रोल रूमचा माणूस आणि शर्यतीची गाडी, अंथरूण पाहून पाय पसरावेत की नाही, वगैरे. बाबांना कोणी तोंडावर विचारलं तर ते म्हणायचे, "विकायले हेच होती. बैल विकायले असता तं बैल घेतला असता." हे काही खरं नव्हतं. एरवी कोणत्याही कागदावर सही करण्याआधी दोनदा वाचणारा माणूस ती गाडी बघून एका दिवसात हो म्हणाला होता.

तिला आम्ही निळी म्हणायचो. बाकीच्यांच्या स्कूटरी आणि सायकलींना दसऱ्याला झेंडूच्या माळा चढायच्या, चाकाखाली लिंबं ठेवली जायची. निळीला माळ नसायची. आम्ही बौद्ध, आमच्याकडे ती पूजा नाही. पण तिची आंघोळ अशी व्हायची की माळवाल्यांनी लाजावं. बाबा स्वतः बादली घेऊन बसायचे, टायरच्या खाचांमधली माती दातांच्या जुन्या ब्रशने काढायचे. शेजारची एक मुलगी मला म्हणाली होती, तुमच्या गाडीला हार का नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ते उद्या दीक्षाभूमीवर जाऊन राहिली ना. पांढरी नसली तरी स्वच्छ पाहिजे." मला ते उत्तर फार आवडलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही भागा आत्याच्या गावाला जायचो, पारशिवनीच्या पलीकडे. आत्या बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला आणि ती माहेरच्या तुकड्यावर कापूस-तूर करत तिथेच राहिली. आई आणि बाबा दोघंही तिला अक्का म्हणायचे. मुक्काम तिच्या घरी, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिला घेऊन नागपूरला निघायचं. निळीत कोण कोण बसायचं ते सांगते. बाबा चालवायला. त्यांच्या शेजारच्या सीटवर गावातले दोन म्हातारे, एकमेकांच्या कुशीत शिरल्यासारखे, आणि त्यांच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ सुधीर. मागे आई, आत्या, मी आणि भाकऱ्यांची गाठोडी. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आत्याचं पांढरं लुगडं वर्षातून एकदाच पेटीतून निघायचं आणि त्याला डांबराच्या गोळीचा वास यायचा.

दोन म्हातारे चालू शकत नव्हते, म्हणूनच ते गाडीत होते. बाकीचं गाव आदल्या रात्रीच ट्रकने किंवा पायी निघालेलं असायचं.

गाव सोडलं की थोड्या वेळाने घाटी लागायची. डोंगर म्हणावा एवढा काही नाही, पण रस्ता एकदम उभा व्हायचा आणि वर जाऊन वळायचा. निळीचा जीव तो केवढा. पायथ्याशीच तिला धाप लागायची. बाबा गिअर टाकायचे, ती कण्हायची, गरम रबराचा वास सुटायचा, आणि पायथ्याच्या नाल्याजवळ गाडी थांबायची. मग कोणी काही न बोलता आत्या आपल्या बाजूचं दार उघडून उतरायची. तिच्या मागोमाग आई. दोघी चालायला लागायच्या आणि हलकी झालेली निळी हळूहळू वर चढायची. घाटमाथ्यावर आम्ही त्यांची वाट बघत थांबायचो. वर येईपर्यंत दोनचार ट्रक त्यांच्या अंगावर धूळ उडवत गेलेले असायचे.

माझं विचाराल तर मला ते आवडायचं. त्या उतरल्या की मागची अख्खी सीट माझी. पाय पसरून बसता यायचं. त्या दोघीही काही रडत यायच्या नाहीत. घाटीच्या कडेला सीताफळांची रानटी झाडं होती. दसऱ्याच्या सुमारास त्यांचे डोळे उघडलेले असायचे, म्हणजे फळाच्या खवल्यांमधली रेघ पिवळसर झालेली. दोघी पदरात सीताफळं घेऊन, कसल्यातरी गोष्टीवर हसत वर यायच्या. नणंद-भावजयींना वर्षातून तेवढंच एकांतात बोलायला मिळत असावं. पण बाबा सीताफळांकडे बघायचे नाहीत. ते बघायचे लुगड्याच्या काठाकडे. घोट्यापासून वर वीतभर पांढऱ्याचं तांबडं झालेलं असायचं. दीक्षाभूमीवर त्या पांढऱ्या समुद्रात आम्ही उभे राहिलो की मी वर बघायची, आई समोर बघायची, आणि बाबा खाली, आत्याच्या काठाकडे.

एका वर्षी परत आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "पुढच्या वर्षी घाटीत कोणी उतरणार नाही."

आईला वाटलं, बोलण्यात बोलले. पण बाबांच्या बोलण्यातलं कोणतं वाक्य बोलण्यातलं आणि कोणतं ठरवलेलं, हे ओळखायला आईलाही लग्नानंतर बराच काळ लागला होता.

मग तो हिवाळा, तो उन्हाळा आणि तो पावसाळा आमच्या घरात एकच विषय. आज निखिलचं बघते तेव्हा वाटतं, हे आमच्या रक्तातच आहे. कोराडी रोडवर एका कडुनिंबाखाली श्रावणजींचं गॅरेज होतं. एका मोठ्या गाडीचा अपघात होऊन ती पार चेपली होती, पण तिचं इंजिन शाबूत होतं आणि श्रावणजींकडे ताडपत्रीखाली पडून होतं. बाबा त्या ताडपत्रीभोवती घिरट्या घालायला लागले. कधी कधी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. श्रावणजी हात पुसत पुसत सांगायचे, "गोविंदराव, तुमची गाडी हलकी फुलकी पोरगी आहे. तिच्या अंगात हे पैलवान टाकसान तं नाक खाली जाईन. झाकण लागणार नाही. स्प्रिंगा बसतीन."

"मंग स्प्रिंगा बी बदलू."

"अन् ब्रेक? चढन तं चढन, उतरतानी थांबवसान कशी?"

"ब्रेक बी."

"त्यापेक्षा गाडीच काहून नाही बदलत?"

बाबा ताडपत्रीचं टोक उचलून आत बघायचे आणि पुन्हा खाली सोडायचे.

गाडीचे आधीचे मालक साहेब एकदा कॉलनीत आले होते. त्यांनी निळीच्या टपावर हात ठेवून प्रेमाने सांगितलं की ही गाडी धावण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. तिला ओझं देऊ नका. सात माणसं बसवताच कशाला, दोघीजणी एसटीने येतील. तेही चांगल्या मनानेच सांगत होते. सगळेच चांगल्या मनाने सांगत होते, आणि सगळ्यांच्या सांगण्यात उतरायचं मात्र आत्याने आणि आईनेच होतं.

आईचा तर साफ विरोध. तिचं म्हणणं असं की चार पावलं चाललं तर कोणी झिजत नाही. "तुमाले गाडीचं वेड लागलं, अन् नाव अक्काचं करून राहिले," असं ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. बाबा पाटावर बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला.

आता कंट्रोल रूममध्ये बाबा काय करायचे ते सांगायला हवं. तो काळ विजेच्या टंचाईचा. वीज कमी पडली की वरून फोन यायचा, लोड कमी करा. म्हणजे कुठली तरी एक लाइन बंद करायची, नाहीतर सगळंच बसेल. कुठली बंद करायची हेही ठरलेलं असायचं. आधी गावांची. शहराची सगळ्यात शेवटी. बाबांच्या हातात पॅनलवरची एक मूठ असायची, ती त्यांनी खाली ओढली की पारशिवनीकडची गावं अंधारात जायची. त्यातच आत्याचं गाव होतं. तिच्या घरात वीज आली तेव्हा तिने बाबांना मुद्दाम नेऊन पिवळा दिवा दाखवला होता, आणि आता तो दिवा बरेचदा बाबाच मालवत होते. आत्याला हे ठाऊक होतं. गंमत करायची, "गोविंदानं फूक मारली वाटते."

त्या रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "तिथं मी हुकमाचा ताबेदार आहो. वरून फोन येते, मी गाव उतरवतो. गाडी माही आहे. माह्या गाडीत मले कोणाचा फोन येत नाही. तरी बी पहिले उतरते ते अक्काच. मंग माह्या गाडीत अन् त्या पॅनलात फरक काय राहिला?"

तव्यावरची भाकरी करपायला आली होती, ती आईने उलटली. त्यानंतर इंजिनाला तिने विरोध केला नाही, बाजूने मात्र कधीच बोलली नाही.

पोळ्याच्या सुमारास निळी श्रावणजींच्या कडुनिंबाखाली जबडा वासून उभी राहिली. बाहेर बैलांच्या शिंगांना रंग लावत होते आणि आत आमच्या गाडीचं काळीज बदलत होतं. श्रावणजी म्हणाले होते तसंच झालं. झाकण लागेना. शेवटी त्यांनी पत्रा ठोकून ठोकून वर उचलला आणि निळीच्या कपाळावर एक कायमचं टेंगूळ आलं. नाक खाली गेलं, मग दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगा बसल्या. आवाज बदलला. आधी ती शिलाई मशीनसारखी चालायची, आता पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी. आत बसून बोलायचं तर ओरडावं लागायचं. सुधीर खूश. कॉलनीतल्यांना हसायला नवं निमित्त मिळालं, आणि बाबा टेंगळावरून हात फिरवत उभे.

पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला धरमपेठेत नेलं. आईला तिथून लोकर घ्यायची होती. लोकर घेऊन झाल्यावर बाबांनी गाडी घराकडे न वळवता सेमिनरी हिल्सच्या चढाकडे वळवली. निळी चढली. नुसती चढली नाही, तो चढ आहे हे तिच्या गावीही नव्हतं. आम्ही वर पोचलो, खाली शहर दिसत होतं. बाबांनी गाडी बंद केली आणि कितीतरी वेळ हात स्टिअरिंगच्या चाकावरच ठेवून बसले. माझ्या आठवणीत बाबांचा आनंद असा, हात चाकावर ठेवून गप्प बसलेला. आईने लोकरीची पिशवी उघडून रंग पुन्हा एकदा बघून घेतला.

आणि मग तो दसरा.

आदल्या दिवशी गावाला जाताना घाटीचा उतार होता, त्याचा काही प्रश्न नव्हता. आत्याच्या घरी बाबांनी इंजिनाबद्दल एक अक्षर काढलं नाही. आम्हालाही दटावून ठेवलं होतं. त्यांना ते तिला घाटीतच दाखवायचं होतं. आत्याने टेंगूळ पाहिलं, म्हणाली, "कुठं धडकला रे बापा?" बाबा नुसते हसले. पहाटे गवतावर दव होतं. दोघं म्हातारे आले, सुधीर त्यांच्या मांडीवर बसला, आम्ही तिघी मागे, गाठोडी पायाशी. निळी गिरणीसारखी धडधडत निघाली. कापसाची पहिली बोंडं फुटली होती. दोघं म्हातारे त्या आवाजातही झोपले.

घाटीच्या पायथ्याशी नाल्याजवळ शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. बाबांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच. ते पुढे बघत होते, चाकावर बोटं वाजवत होते, शेळ्या कधी सरकतात याची वाट पाहत. आत्याने आपल्या बाजूचं दार उघडलं आणि उतरली. आई तिच्याकडे बघत एक क्षण थांबली, मग तीही उतरली. दार लागलं. दरवर्षी हेच व्हायचं, याच जागी व्हायचं, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी पाय पसरले.

शेळ्या सरकल्या. बाबांनी गिअर टाकला आणि निळी त्या घाटीवर अशी गेली, की तशी तिथून कोणतीच गाडी गेली नसेल. ना कण्हणं, ना थांबणं. वळण आलं, गेलं, आणि आम्ही माथ्यावर. बाबांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. एकाएकी एवढी शांतता झाली की सुगरण पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू आला. समोरच बघत बाबा म्हणाले, "अक्का, पाह्यलं? एकही माणूस उतरला नाही."

आणि मागे वळले.

मागे मी होते आणि भाकऱ्यांची गाठोडी होती.

त्यांचा तो चेहरा मला आजही लख्ख आठवतो. त्यांनी मला रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग गाडी वळवायला तिथे जागा नव्हती म्हणून, दोघा झोपलेल्या म्हाताऱ्यांसकट, त्यांनी मान मागे वळवून निळी घाटीतून उलटीच खाली आणली. श्रावणजींचे ब्रेक कामाला आले.

त्या दोघी अर्ध्या वाटेवर सीताफळाच्या झाडाखाली होत्या. आत्याने फांदी वाकवून धरली होती आणि आई तोडत होती. उलटी येणारी निळी बघून आत्या रस्त्याच्या कडेला सरकली.

"काहून गा गोविंदा, बंद पडली का?"

बाबा उतरले. ते आधी आईवरच घसरले. "तुले माहीत होतं ना? सांगितलं होतं ना मी? मंग कायले उतरली?"

आई म्हणाली, "अक्का उतरल्या. त्या पायी चालतीन अन् मी बसून राहू का गाडीत?"

थोरल्या नणंदेला चालायला लावून भावजय गाडीत बसली, असं आमच्या दोन्ही घराण्यांत कधी झालं नव्हतं, आणि एका इंजिनासाठी ते होणारही नव्हतं. बाबांनी सगळ्याचा विचार केला होता. नाकाचा केला, स्प्रिंगांचा केला, ब्रेकचा केला. एवढाच करायचा राहिला होता.

आत्या बाबांची समजूत काढायला लागली. "मले आवडते गा चालाले. तू हो पुढं. आम्ही येतो हळूहळू, फळं घेऊन."

तेव्हा बाबा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. पांढऱ्या पँटीनिशी, धुळीत. म्हणाले, "अक्का, तुले याद आहे, मले शिकाले पाठवलं तेव्हा याच घाटीतून बैलबंडी गेली होती. बंडीवाल्यानं एकालेच बसू देलं. तू नागपूरपर्यंत बंडीच्या मागं पायी आली."

"मंग? तू रडून राहिला होता."

"मी मागं तोंड करून बसलो होतो. तू दिसत होती मले. पूर्ण रस्ताभर दिसत होती." बाबांनी वर माथ्याकडे पाहिलं. "आज नाही दिसली. जुन्या इंजिनाले तरी कळत होतं तू उतरली ते. गाडी हलकी व्हायची. या इंजिनाले पताच नाही लागला. मी अख्खी घाटी चढलो, अन् मले पता नाही लागला अक्का."

बाबांना मी रडताना पाहिलं ते तेवढंच. आत्याने हातातली फांदी सोडली, ती सप्पकन वर गेली. तिने पदराने बाबांचं तोंड पुसलं, जसं सुधीरचं पुसायची तसं, आणि म्हणाली, "चाल. बसतो मी. आता नाही उतरत, बस झालं?" मग आईला म्हणाली, "चाल वं, बस. नाहीतं हा इथंच दसरा करते."

दुसऱ्यांदा घाटी चढताना आत्या दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. भीतीने नव्हे. मी शेजारी होते, मला दिसत होतं, चढ लागला तसा तिचा हात सवयीने दाराकडे जात होता आणि ती दुसऱ्या हाताने तो आवरत होती. तिच्या काठाला थोडी धूळ लागलीच होती, पण त्या वर्षी दीक्षाभूमीवर बाबांनी खाली पाहिलं नाही.

परत आल्यावर बाबांनी निळीत आणखी एक बदल केला, जो श्रावणजींना शेवटपर्यंत पटला नाही. गाडीतला छोटा आरसा काढून त्यांनी तिथे लांबरुंद आरसा लावून घेतला, आणि तो रस्त्याकडे न वळवता मागच्या सीटकडे वळवला. त्यात मागून येणारं एकही वाहन दिसायचं नाही. दिसायचे आमचे चेहरे, आणि डाव्या बाजूला, दाराशी, आत्याचा. आई म्हणायची, अहो मागून ट्रक येईल. बाबा म्हणायचे, त्याले हॉर्न आहे. पुढे कितीतरी दसरे तसेच गेले. पायथ्याच्या नाल्याशी ते गाडी थांबवायचे, शेळ्या असोत नसोत, आरशात बघायचे, आणि आत्याने मान हलवली की मग गिअर टाकायचे.

आता आत्या नाही, बाबाही नाहीत. निळी कुणाला दिली, तिचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. घाटीसुद्धा राहिली नाही. रुंद रस्त्यासाठी तिचा माथा कापला आणि आता तिथून जाताना आपण कधी चढलो हे समजतही नाही. मागच्या वर्षी निखिलने मला त्या रस्त्याने नेलं होतं. मी सीताफळाची झाडं शोधत होते, तेवढ्यात मैलभर पुढे निघून गेलो होतो.

मला कोणी विचारलं की बाबांनी इंजिन बदललं ते चुकलं का, तर मी नाही म्हणेन, आणि ठासून म्हणेन. लोक म्हणतात, आहे त्यात भागवावं. भागवायचं कोणी, हे मात्र सांगत नाहीत. आमच्या निळीत भागवणारी दोन माणसं ठरलेली होती आणि ते बाबांना चालणार नव्हतं. ताकद हवीच. मिळेल तेवढी घ्यावी, झाकण लागत नसेल तर पत्रा ठोकून घ्यावी. पण ताकद आली की मागचं ओझं कळेनासं होतं, हे त्यांना त्या घाटीत कळलं आणि म्हणून त्यांनी आरसा वळवला.

काल निखिल ती नवी गाडी चालवून बघायला मला घेऊन गेला. विकणारा मुलगा अदबीचा, त्याने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी म्हटलं, मी मागे बसते. डाव्या बाजूला, दाराशी. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर पुलाचा चढ आला आणि निखिलने पाय दाबला. गाडी अशी निघाली की माझी पाठ सीटला चिकटली. माझा हात आपसूक दाराच्या कडीवर गेला होता. निखिल खुशीत होता, समोर बघत म्हणाला, "चढ जाणवला का, आई?"

मी आरशाकडे बघत होते. त्यात मागचा रस्ता होता, पूल होता, एक मोटारसायकल होती.

"आरसा थोडा खाली कर," मी म्हटलं.

"मग मागचं दिसणार नाही."

"मी दिसले पाहिजे."

त्याने आरसा खाली केला. त्यात त्याचे डोळे दिसले, आजोबांसारखे.

"आता घे ही गाडी," मी म्हटलं.